जुना अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डी आणि लाइट बिल

खर्जातला

मंडळी, विषय घरगुती आहे. पण इथे गाणं ऐकणारे आणि विजेतलं कळणारे अशा दोन्ही जमाती नांदतात, म्हणून इथेच विचारतो.

मी सांगलीत असतो, निवृत्त. घरात आम्ही दोघं. उन्हाळ्यात बिल ३०० युनिटच्या पुढे गेलं की पुण्याहून चिरंजीवांचा फोन येतो, कारण बिल तेच मोबाइलवरून भरतात. त्यांचा संशय कायम एकाच जागी: हॉलमधला माझा अ‍ॅम्प्लिफायर. ऐंशीच्या दशकातला जपानी माल, चॅनेलला ५० वॉट, आत ट्रान्सफॉर्मर असा की हलवायचा म्हटलं तर शेजारच्याला हाक मारावी लागते. त्याला एक बेल्टवाला टर्नटेबल, एक कॅसेट डेक आणि सुताराकडून खोकी करून घेतलेले दहा इंची स्पीकर. 'बाबा, ते धूड भंगारात द्या, सगळं डिजिटल करून टाका आणि एक ब्लूटूथ स्पीकर घ्या, बिल अर्ध्यावर येईल,' हा त्यांचा तोडगा.

ध्वनिमुद्रणांबद्दलची माझी मतं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. स्टुडिओतल्या घासूनपुसून लख्ख केलेल्या सीडीपेक्षा मला मैफलीचं मुद्रण जवळचं वाटतं. तबलजी हातोडीने गट्टा ठोकतोय, गवई घसा साफ करतोय, पुढच्या रांगेतला एक जण सम यायच्या आधीच दाद देऊन मोकळा होतोय, हे सगळं मला हवं असतं. आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ सालापासूनचा. त्याच्या मी भरलेल्या कॅसेटींत मधेच आमच्या कुकरची शिट्टी आहे. ती आली की पुढे द्रुत सुरू होणार हे मला पाठ झालंय.

७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांबद्दल मात्र नेमकं उलटं मत. तिथे तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं आटपायचं, त्यामुळे पाल्हाळ लावायची सोयच नाही. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेचे (१९३७ साली गेले). त्यांच्या तिसाच्या दशकातल्या तबकड्या ऐका. पहिल्या दोन सुरांत राग समोर उभा. हल्ली चाळीस मिनिटांचा ख्याल ऐकून झाल्यावरही कधी कधी वाटतं, यातली सदतीस मिनिटं कशासाठी होती? (दगड मारायचे तर मारा.)

आजोबांचा चावीचा ग्रामोफोनही अजून चालू आहे. चिरंजीवांना म्हटलं, हा घे तुझा शून्य युनिटवाला सेट. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा गाणाऱ्याच्या बाजूलाही वीज नव्हती. कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या कंपनांनीच मेणात खाच पाडायची. मायक्रोफोन लावून विजेवर मुद्रण सुरू झालं ते १९२५ नंतर. पण त्या ग्रामोफोनची पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते आणि बदलली तरी तबकडी किसतेच, म्हणून तो आता शोभेपुरता.

तर विचारायचं ते असं. हा अ‍ॅम्प खरोखर किती वीज खातो? आवाज वाढवला की जास्त आणि कमी केला की कमी, असं काही असतं का? आणि रेकॉर्डी डिजिटल करून ऐकल्याने खरंच काही वाचतं, की वाचल्याचं नुसतं समाधान? ब्लूटूथ स्पीकर सुनेने आणून दिलाय, तो लावूनही पाहिला. भावगीतं छान वाजतात. पण ख्याल लावला की तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सूर, अंतर्धान पावतो.

शेवटचं, थोडं विषयांतर. आमच्याकडे तीन पंखे आहेत, तिन्ही लग्नातले म्हणावेत इतके जुने. हॉलमधला दोनवर ठेवला की गुणगुणतो आणि पाचवर ठेवला की वाऱ्यात मंद्र सप्तक वाहून जातं. मे महिन्यात पंखा बंद करून मारवा ऐकायची माझी तयारी आहे, सौ.ची नाही.

वायरमन२३०

काका, माझं ऐकू नका आणि चिरंजीवांचंही ऐकू नका. तुमच्या मीटरला विचारा, फुकटात सांगतो.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या जवळपास एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००, काहींवर १६००. याचा अर्थ एका युनिटला तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. आता घरातलं सगळं बंद करा. फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, नाहीतर मधेच कॉम्प्रेसर सुरू होऊन हिशोबाचा विचका करेल. फक्त अ‍ॅम्प चालू ठेवा आणि एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. ३२०० चा मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. जे उत्तर येईल तेवढे वॉट. घाई करू नका, पाच-दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढा.

माझा अंदाज: तुमचा सेट नुसता चालू असताना ३५-४० वॉटच्या आसपास निघेल. रोज सहा तास धरले तरी महिन्याला सात युनिट.

आवाजाचं म्हणाल तर घरात बसून ऐकताना स्पीकरला जेमतेम एखादा वॉट जातो, पुष्कळदा त्याहून कमी. ५० वॉट हा आकडा कमाल ताकदीचा. ३ डेसिबल जास्त हवे असतील तर दुप्पट वॉट लागतात, १० डेसिबलला दसपट. पण मुळात तुम्ही एका वॉटच्या आत खेळताय, त्यामुळे नॉब नऊवर ठेवा की अकरावर, बिलाला पत्ता लागत नाही. अ‍ॅम्पची बहुतेक वीज स्वतःला तापवण्यात जाते. क्लास ए जातीचा असेल तर गोष्ट वेगळी, तो गप्प बसूनही शंभरावर वॉट जाळतो. काचेच्या नळ्यांच्या व्हॉल्व्हवाल्यांचंही तेच: ईएल३४ जातीची एक नळी नुसत्या तंतूला साडेनऊ वॉट घेते, चार नळ्यांचे झाले अडतीस, अजून गाण्याचा पत्ता नाही.

आता खरे चोर. जुना पंखा ७५-८० वॉट. दिवसाला सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट, एकटा. तुमचे तीन आहेत. गिझर: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट. दोघांचे मिळून रोज दोन हंडे भरले तर महिन्याला ३६. आणि टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स. तो रिमोटने बंद केला तरी बहुतेक डबे जवळपास तेवढीच वीज ओढत बसतात. १० वॉट धरा, चोवीस तास, महिन्याला सात युनिट. म्हणजे तुमच्या अख्ख्या गाण्याइतकं तो डबा झोपेत खातो. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा.

३०० च्या स्लॅबबद्दलही एक. ३०१ वं युनिट पडलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, असं बरेच जण धरून चालतात. महावितरणच्या घरगुती बिलात तसं नसतं. वरचा दर फक्त ३०० च्या वरच्या युनिटांना. चिरंजीवांना कळवा.

सोनेरी कान

वायरमनसाहेबांशी असहमत. चांगला अ‍ॅम्प कधी बंद करायचाच नसतो. चोवीस तास गरम राहिला तरच आवाज उघडतो, निदान मधल्या पट्टीत तरी. सात-आठ युनिटांचा हिशोब करणाऱ्यांनी मोबाइलवर ऐकावं.

वायरमन२३०

चोवीस तास म्हणजे सात-आठ नाही हो, ३५ वॉटने महिन्याला पंचवीस. आणि आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमान १० अंशांनी वाढलं की अर्ध्या आयुष्यात उरकतात. काकांचा अ‍ॅम्प चाळीसच्या पुढचा आहे. त्याला रात्रंदिवस तापत ठेवला तर आवाज उघडायच्या आधी कपॅसिटरचं पोट उघडेल. पहिली बाजू वाजेपर्यंत जेवढा गरम होतो तेवढा पुरे.

पांढरी पाच

काका, नमस्कार. मी डोंबिवलीत गाण्याचे वर्ग घेते, घरीच. तुमचं पंख्याचं विषयांतर मला मूळ विषयापेक्षा महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावरच लिहिते.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर, फ्रिजचा स्टॅबिलायझर, जुना कॉम्प्रेसर हे सगळे त्याच्या दुपटीत गुणगुणतात, म्हणजे १०० हर्ट्झवर. माझा तानपुरा पांढरी पाचला (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) लागतो. षड्ज १९६ आणि खर्ज ९८. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात एक फुकटचा तानपुरा चोवीस तास चालू होता, माझ्या खर्जाच्या अगदी शेजारी, आणि चढा! फरक सुमारे ३५ सेंटचा (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर). प्रमाणश्रुती बावीस सेंटची धरली तर श्रुतीहून जास्त. मुली रियाजाला बसल्या की सकाळी षड्ज किंचित वर सरकायचा. मी त्यांनाच रागवायची. एकदा लाइट गेले आणि षड्ज जागच्या जागी आला, तेव्हा ट्यूब पेटली (लाइट नसताना).

आता आमच्याकडे इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे. कमीजास्त व्होल्टेज तो स्वतः सांभाळतो असं कंपनीने लिहून दिलेलं असेल तर स्टॅबिलायझरही लागत नाही. गुणगुण गेली, बिलही उतरलं. वर्गाच्या खोलीत बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा लावला. पूर्ण वेगाला तीसेक वॉट घेतो आणि मधल्या वेगाला त्याच्याही बऱ्याच खाली. पण मी घेतला तो वीज वाचवायला नाही. साधा पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने हळू केला की रेग्युलेटर विजेची लाट कापून कापून देतो आणि मोटर कण्हते. तुमचं 'दोनवर गुणगुणतो' ते बहुधा हेच. बीएलडीसीत ही भानगड नाही, हळू फिरवला तर खरोखर गप्प फिरतो. घेताना दुकानात चालवून, खाली उभं राहून ऐका, काही स्वस्त पंख्यांचा ड्रायव्हर (मोटर चालवणारं आतलं सर्किट) बारीक शीळ घालतो. विक्रेता तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

खर्ज अंतर्धान पावतो म्हणालात, तेही खरं आहे. पुरुषी गळ्याला काळी एक धरली तर खर्जाची तार ६९ हर्ट्झची. तळहाताएवढा स्पीकर तिथवर उतरतच नाही. तारेचे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान खालचा सूर आपल्या आपण जुळवून घेतो, म्हणून 'तानपुरा आहे' एवढं कळतं. पण खाली बैठक राहत नाही.

ख्यालाच्या सदतीस मिनिटांबद्दल मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. ७८ वर जे ऐकता तो ख्याल नव्हे, ख्यालाचा अर्क. खाँसाहेब मैफलीत तीन मिनिटांत उठून जात नव्हते.

बटाटेवडा

ब्लूटूथ स्पीकरला इतकं हिणवू नका हो. आमची १० बाय १२ ची खोली, शेजारी तान्हं बाळ. दहा इंची स्पीकर लावला तर खर्जाआधी सोसायटीची नोटीस येईल. इयरफोनवर ऐकतो, खर्ज, खरखर, गवयाचा श्वास, सगळं मिळतं. वीज म्हणाल तर मोबाइल चार्ज करायला लागते तेवढीच.

फीत

डिजिटल करण्याबद्दल. मी नाशिकला हे हौसेने करतो, म्हणून दोन शब्द.

वीज वाचवायला करत असाल तर करू नका. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून सहज ८०-१०० वॉट घेतात. त्यावर गाणी लावून पुढे तोच अ‍ॅम्प जोडलात तर रेकॉर्ड वाजवण्यापेक्षा जास्त वीज जाणार, कारण टर्नटेबलची मोटर अवघ्या काही वॉटची. लॅपटॉप १५-२० वर भागवतो, रास्पबेरी पाय तीन ते पाच वॉटवर. गाण्यांसाठी चोवीस तास हार्ड डिस्क फिरवत ठेवणारे महाभागही पाहिलेत. त्यांच्या बिलावर मी बोलत नाही.

पण करायचं कारण दुसरं आहे, आणि ते तुमच्या कॅसेटींना लागू आहे. बाजारात निघालेल्या एलपी कुणा ना कुणाकडे आहेत. तुमची शनिवारची कॅसेट, कुकरच्या शिट्टीसकट, जगात एकच. ती आधी घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तुमचा डेक मुद्रण करताना होता तोच असेल तर त्यावरच वाजवा, हेडचा कोन जुळलेला असतो. फीत चिकटत असेल तर आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलीत) ठेवा. आणि कृपा करून 'नॉइज रिमूव्ह'चं बटण दाबू नका. सळसळीबरोबर तानपुऱ्याची जवारीही (तारेचा तो झंकार) पुसली जाते, मग गवई काचेमागे उभा राहून गातोय असं वाटतं.

७८ साठी सुई वेगळी लागते हे माहीत असेलच. एलपीची सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ला तीनच्या आसपासची. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन धूळ चाळत बसते, अर्धी खरखर तिचीच असते.

खर्जातला

सर्वांचे आभार. मीटर मोजला.

मीटर आमच्याकडे जिन्याखाली. मी स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसलो, सौ. वर बटणांपाशी, मधे मोबाइल. 'आता काय लावू?' 'हॉलचा पंखा!' 'लावला!' शेजारचे जोशीबुवा भाजी घेऊन आले ते तिथेच थबकले. त्यांना वाटलं वीज चोरतोय की काय. आता त्यांनाही नाद लागलाय, संध्याकाळी त्यांचा गिझर मोजायचा आहे.

आकडे असे. मीटर ३२०० चा. अ‍ॅम्प आणि टर्नटेबल मिळून लुकलुक तीस सेकंदांनी, म्हणजे साडेसदतीस वॉट. आवाज बराच वर नेला तर अठ्ठावीस सेकंद. वायरमनबुवा, मानलं. बेडरूमचा पंखा पंधरा सेकंद. हॉलचा, तो गुणगुण्या, तेरा सेकंद! म्हणजे ८६ वॉट. बेसूर गाऊन वर जास्त बिदागी घेणारा गवई निघाला. सेट टॉप बॉक्स 'बंद' असताना १२० सेकंदांच्या आत-बाहेर, म्हणजे नऊ-साडेनऊ वॉट.

सगळं कागदावर मांडून फोटो चिरंजीवांना पाठवला. उत्तर आलं: 'ओके.' अर्ध्या तासाने दुसरं: 'बाबा, माझ्या गेमिंग पीसीला हे कसं मोजायचं?' चला.

अ‍ॅम्प जागेवर राहतोय. हॉलचा पंखा पहिला जाणार, तीनेक हजारांत काम होईल असं दुकानदार म्हणतो. खाली उभं राहून ऐकणार आहे, ताई. डब्याचं बटण रात्री बंद करायचं सौ.ने मान्य केलंय, सकाळी तो सुरू व्हायला दोन मिनिटं लावतो एवढीच कुरकुर.

सोनेरी कानसाहेब, माझी पद्धत तुमच्याहून वेगळी आहे, पटणार नाही. मी गाणं पाठीमागे लावून कामं करत नाही. रेकॉर्ड काढायची, पुसायची, अ‍ॅम्प लावायचा, वीस-बावीस मिनिटं खुर्चीत बसायचं, बाजू संपली की उठायचं. दुसरी लावायची नसेल तर बटण बंद. दिवसभर घरात दरबारी वाहत असेल तर रात्री तो ऐकायचा कशाला? बटाटेवडासाहेबांच्या इयरफोनला माझी हरकत नाही, माझ्या कानांची आहे. गरम होतात.

ताई, अर्काबद्दल भांडायला मिरजेच्या उरुसात या. तिथे रात्रभर गाणं असतं, तीन मिनिटांचं कुणी गात नाही, आणि मी पहाटेपर्यंत बसलेलाच असतो.

फीतसाहेब, कॅसेटी काढून ठेवल्यात. दोन चिकटतायत. हेड पुसायचं आयसोप्रोपिल औषधाच्या दुकानात मिळतं का, की त्यांचं स्पिरिट चालेल?

फीत

दुकानातलं साधं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात तेल मिसळलेलं असू शकतं, हेडवर थर बसतो. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्याकडे आयसोप्रोपिल मागा. चिकटणाऱ्या दोन सध्या वाजवू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

शेवग्याची शेंग

धागा वाचून उत्साहाने बीएलडीसी पंखा आणला. जुना रेग्युलेटर बोर्डावर तसाच आहे, तो पाचवर ठेवून पंखा रिमोटने चालवतेय. चालेल ना?

वायरमन२३०

नको. कुणीतरी, बहुतेक पाहुणा, तो दोनवर फिरवणार आणि कापलेली लाट पंख्याच्या ड्रायव्हरला जाणार. ड्रायव्हर जळला तर वॉरंटीवाले हात वर करतील. इलेक्ट्रिशियनला बोलवा, रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडून घ्या आणि त्या जागी कोरी प्लेट बसवा. एमसीबी पाडूनच, बरं का.